चार तारांची खतावणी

इतिहासात कारकुनाला जागा नसते. लढाई कोणी जिंकली हे पाचवीतल्या पोराला पाठ असते; पण त्या लढाईतल्या घोड्यांच्या हरभऱ्याचा हिशेब कोणी ठेवला, हे कोणी विचारीत नाही. नाना फडणवीस हा एक सन्मान्य अपवाद. फडणवीस हे मुळात हिशेबाच्या दप्तरातले पद. पण नानांचे नाव निघाले की लोकांना त्यांचे राजकारण आठवते, जमाखर्च आठवत नाही. पुराणात चित्रगुप्त आहे, पण त्याच्या काउंटरवर आपला नंबर लागेपर्यंत आपण स्वतःच इतिहासजमा झालेले असतो.

मी बी.कॉम. झालो आणि गेली बावीस वर्षे एका बँकेच्या काउंटरमागे बसतो आहे. त्यामुळे, जमाखर्चाच्या टेबलावरून उठून ज्यांनी जगाला आपली दखल घ्यायला लावली, अशा माणसांची मी मनातल्या मनात एक यादी ठेवली आहे. यादी फार लांब नाही. पासबुकाच्या एका पानावर मावेल. तिच्यात पहिल्या ओळीवर जो माणूस आहे त्याचे नाव लिओ फेंडर. हे नाव वाचून तुमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नसेल, हे मी जाणून आहे. आमच्या शाखेतही हलली नाही. हेड कॅशियर एवढेच म्हणाले, "खातं आहे का आपल्याकडे?"

खाते नव्हते. हा गृहस्थ कॅलिफोर्नियातला. जन्म १९०९. आईबापांची संत्र्यांची बाग. लहानपणीच एक डोळा गेला, तिथे काचेचा बसवला. पुढे एका नातेवाईकाने या पोराला मोटारींच्या आणि रेडिओच्या टाकाऊ भागांची एक पेटी पाठवली आणि तिथून त्याला तारा जोडायचा नाद लागला. पण नादावर पोट भरत नाही, हे संत्र्यांच्या बागेतही ठाऊक असावे. कारण पोराने फुलर्टन गावच्या कॉलेजात अभ्यास केला तो अकाउंटन्सीचा. एका बर्फाच्या कंपनीत तो हिशेबनीस झाला, मग रस्तेबांधणी खात्यात अकाउंटंट. तेवढ्यात अमेरिकेत महामंदी आली आणि ती जागा गेली. मग एका टायर कंपनीच्या हिशेब विभागात चिकटला. सहा महिन्यांत तिथेही नारळ मिळाला. बायको टेलिफोन कंपनीत होती म्हणून चूल पेटत होती.

१९३८ साली या दोनदा कपात झालेल्या कारकुनाने ६०० डॉलर कर्ज काढले आणि फुलर्टनमध्ये रेडिओदुरुस्तीचे दुकान टाकले. कर्ज काढून धंदा केला आणि तो बुडाला नाही, असा खातेदार आमच्याकडे आला तर मॅनेजरसाहेब त्याला स्वतःच्या पैशाने चहा पाजतील.

दुकानात गाणारे-बजावणारे लोक आपली बिघडलेली यंत्रे घेऊन येत. त्यांच्या तक्रारी ऐकता ऐकता हा मनुष्य ॲम्प्लिफायर बनवू लागला, मग विजेच्या गिटारी बनवू लागला. गंमत म्हणजे गिटार वाजवायला तो जन्मात शिकला नाही. त्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. मी रोज लाखो रुपये मोजतो. त्यांचे पुढे काय करायचे असते, हे मलाही कधी शिकता आलेले नाही.

आता बेस गिटारीकडे वळू. बेस गिटार म्हणजे खर्जाची गिटार. लांब मान, चार जाड तारा, आणि वाजवणारा बहुधा मागच्या रांगेत. पुढे गाणारा नाचतो, साध्या गिटारीवाला केस उडवतो, आणि हा आपला मागे उभा राहून 'धुम्‌ धुम्‌' करीत असतो. तो वाजवतो आहे तोवर कोणाचे लक्ष जात नाही. थांबला की गाण्याच्या पायाखालची फरशी निघाल्यासारखे होते. सत्तरच्या दशकातली राहुलदेव बर्मन यांची गाणी लावा आणि गाणाऱ्याला सोडून फक्त खालचा आवाज ऐका, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. थोडक्यात, बेसवाला हा वाद्यवृंदातला कारकून.

पूर्वी हे काम करणारे वाद्य म्हणजे डबल बेस. माणसाहून उंच, कपाटाएवढे. ते घेऊन गावोगाव फिरणे म्हणजे बिऱ्हाड बदलण्यासारखे. एवढे करून पुढे ट्रम्पेट वाजू लागले की याचा आवाज ऐकू येत नसे. सिॲटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३६च्या सुमारास विजेवर चालणारा, गिटारीसारखा आडवा धरायचा बेस बनवला होता; पण तो काही फारसा चालला नाही. १९५१ साली लिओ फेंडरने आपला बेस बाजारात आणला आणि तो चालला. तारेची वाजणारी लांबी ३४ इंच, गळ्यात अडकवावा आणि बसमध्ये चढावे. मानेवर पडदे होते, त्यामुळे बोट नेमके कुठे ठेवायचे ही चिंता संपली. सूर अचूक म्हणून नाव ठेवले 'प्रिसिजन बेस'. वाद्याला 'अचूक' असे नाव कवी ठेवणार नाही. ते हिशेबनीसच ठेवतो.

या वाद्याच्या पोटात काय असते हे थोडे सांगायला हवे, कारण पुढची सगळी भानगड पोटाचीच आहे. तारांखाली लोहचुंबक असतात. त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. याला म्हणतात पिकअप. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत इवलासा विद्युतप्रवाह निर्माण होतो. तो एका वायरीतून ॲम्प्लिफायरकडे जातो आणि तिथे मोठा होऊन बाहेर पडतो. वाटेत दोन बटणे. एक आवाजाचे, दुसरे टोनचे.

आता खरी मेख ऐका. वाजवणाऱ्याला वाटते की बटण पिळले की आवाज वाढतो. वाढत नाही. ही बटणे फक्त कमी करू शकतात. पिकअपमधून जेवढे आले तेवढेच भांडवल. बटण पूर्ण उघडले म्हणजे सगळे भांडवल बाहेर आले, एवढाच त्याचा अर्थ. टोनचे बटणही तसेच. ते खर्ज वाढवीत नाही, वरचे टोकदार सूर एका कपॅसिटरमधून हळूच जमिनीत सोडून देते. याला 'पॅसिव्ह' मांडणी म्हणतात. आमच्या भाषेत बचत खाते. शिलकीतून काढा हवे तेवढे, पण शिलकीपेक्षा जास्त निघणार नाही.

आणि एवढ्यावर माणसांनी काय काय करून ठेवले! डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीत जेम्स जेमरसन नावाचा वादक होता. त्याच्याकडे १९६२ सालचा साधा प्रिसिजन बेस होता. उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा, आणि तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही. तेवढ्या सामग्रीवर त्याने त्या दशकातल्या अमेरिकेला नाचवले. त्या काळी तबकड्यांवर मोटाऊनच्या वादकांची नावे छापण्याची चाल नव्हती. म्हटले ना, कारकून.

पिकअपला एक खोड मात्र होती. ट्यूबलाइट, विजेच्या तारा, ट्रान्सफॉर्मर यांची घूं घूं तो इमानाने पकडी. १९५७ साली फेंडरने पिकअपचे दोन तुकडे केले. एक दोन तारांखाली, दुसरा उरलेल्या दोन तारांखाली. दोन्हींचे वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट. झाले काय, की घूं घूं दोन्हींकडे शिरते, पण एकीकडे जमा पडते आणि दुसरीकडे तेवढीच नावे पडते. बाकी शून्य! प्रत्येक तारेचा सूर मात्र आपापल्या खात्यात शाबूत. उलट्या वेढ्यांची ही युक्ती गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनाही सुचली होती आणि १९५५ साली त्यांनी पेटंटसाठी अर्जही केला होता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण दुहेरी नोंद पद्धतीने गोंगाट मारता येतो, हे पाहून कोणा कॉमर्सवाल्याची छाती फुगणार नाही?

१९६० साली आला जॅझ बेस. त्याला दोन पिकअप. घोडीजवळ तार कमी हलते, म्हणून तिथला आवाज कडक आणि टोकदार. मानेकडे ती जास्त हलते, म्हणून तिथला गोल आणि भारदस्त. दोन्हींचे मिश्रण वाजवणाऱ्याने आपापल्या चवीने करायचे. म्हणजे एकाच वाद्यात दोन खाती आली. पुढे १९६५ साली तब्येतीला कंटाळलेल्या लिओने सगळी कंपनी सीबीएसला एक कोटी तीस लाख डॉलरांना विकली. सहाशे डॉलरांवर सत्तावीस वर्षांत एवढी वाढ! आमच्या मुदत ठेवीच्या फलकाकडे मी हल्ली मान वर करून बघत नाही. विकताना मात्र अट पडली की दहा वर्षे याने असल्या धंद्यात स्पर्धा करायची नाही.

ही दहा वर्षे तो उघडपणे गप्प होता. जग गप्प नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोकडे, ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाच्या गोतावळ्यात, १९६९ साली अलेम्बिक नावाची मंडळी जमली. त्यांच्यातले रॉन विकरशॅम हे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. दुबळा प्रवाह लांबलचक वायरीतून जाताना वाटेत वरचे सूर गळतात. तेव्हा त्यांनी छोटा ॲम्प्लिफायर गिटारीच्या पोटातच बसवला. बेस गिटार आता 'ॲक्टिव्ह' झाली. बटण पिळले की खर्ज खरोखरच वाढू लागला. शिलकीपेक्षा जास्त पैसे निघू लागले. आपण याला ओव्हरड्राफ्ट म्हणतो. ओव्हरड्राफ्टला तारण लागते. इथे तारण होते बॅटरी.

दहा वर्षे सरली आणि लिओ फेंडर म्युझिक मॅन या कंपनीचा अध्यक्ष झाला. १९७६ साली तिथून 'स्टिंगरे' बेस निघाला. एकच भलामोठा दोन कॉइलींचा पिकअप आणि पोटात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. १९७९ साली शिक या मंडळींच्या 'गुड टाइम्स' या गाण्यात बर्नार्ड एडवर्ड्सने हा बेस वाजवला आणि त्या धर्तीचा आवाज जगभरच्या नाचघरांत पोचला. पुढे स्वस्त गिटारींतही बॅटरी आली, आणि स्वस्त गिटारी आपल्या गल्लीतही आल्या.

त्यातली एक माझ्या भाच्याकडे आली, म्हणून तर मला हा इतिहास ठाऊक. भाचाही बी.कॉम. एका खाजगी कंपनीत अकाउंट्समध्ये होता. सॉफ्टवेअर आले आणि सगळा विभागच गेला. तेव्हापासून लग्नात, गणपतीत ऑर्केस्ट्राबरोबर बेस वाजवून तो घरभाडे भरतो. ताई म्हणते, "चार तारांवर संसार कसा रे चालायचा?" मी म्हणतो, "ताई, सतारीवर चालतात ना?" ती म्हणते, "त्या सात असतात."

गेल्या गणपतीत सहाव्या दिवशी ऐन रंगात त्याच्या गिटारीला सर्दी झाल्यासारखा आवाज येऊ लागला. दोन गाण्यांत ती फाटक्या पिशवीसारखी फरफरली आणि तिसऱ्यात मुकी झाली. या जातीच्या गिटारीत वायर खुपसली की बॅटरी चालू होते. तालमीनंतर वायर तशीच राहिली तर ती रात्रभर जळत राहते. इथे तर एक जुनी बॅटरी आतल्या आत पाझरून सर्किटची पट्टीच खाऊन बसली होती. आयोजकाने त्या रात्रीचे पैसे कापले. परदेशी पट्टीची किंमत विचारली तर ती गिटारीच्या निम्मी. पुढच्या महिन्याचे भाडे आणि ही पट्टी, दोन्ही एका पाकिटात बसत नव्हते.

मग कोणी तरी धोबी तलावाजवळच्या एका गोवेकर अंकलचा पत्ता दिला. मुंबईच्या सिनेमासंगीताचा वाद्यमेळ गोव्याच्या वादकांनी पिढ्यान्‌पिढ्या उभा केला. हे त्यांच्यातलेच एक. शनिवारी मीही बरोबर गेलो. अंकलनी गिटार उलटी केली, झाकण उघडले आणि भाच्याला विचारले, "बाबा, पिकअप साधा काय? की त्यालापण बॅटरी लागते? लागत असेल तर उचल आणि घरी जा."

पिकअप साधा होता. बॅटरी फक्त पट्टीला लागत होती. अंकलनी पट्टी उपटून बाजूला ठेवली आणि मग बटणेही काढली.

मी म्हटले, "अंकल, बटणं तर चांगली आहेत."

"पंचवीस हजार ओहमची हाय ती. पट्टी मध्ये होती तोवर चालली. आता पिकअप थेट जोडला तर वरचे सूर सगळे जमिनीत गेले म्हणून समज. त्याला पाच लाख ओहम पायजे."

म्हणजे दार सताड उघडे असलेली तिजोरी. मला पटले. एक पाच लाखाचे बटण आवाजाला, एक टोनला, टोनला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तिसऱ्या भोकात अंकलनी एक चिमुकला स्विच बसवला. पिकअपमध्ये दोन कॉइली आणि चार वायरी होत्या, त्यांची ही वाटणी. एका बाजूला दोन्ही कॉइली एकसर जोडणीत, आपल्या दिवाळीच्या जुन्या माळेसारख्या, एकामागून एक. आवाज जाड आणि दणकट. दुसऱ्या बाजूला समांतर. आवाज थोडा कमी पण स्वच्छ. मधल्या जागी एकच कॉइल. पातळ, जुन्या चवीचा आवाज, सोबत थोडी घूं घूं. या स्विचला म्हणतात 'ऑन-ऑन-ऑन'. तिन्ही जागी चालू! असा स्विच कचेरीतल्या माणसांना बसवता आला तर देश कुठच्या कुठे जाईल.

भाच्याने वायर लावून वाजवून पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. "अंकल, आवाज कमी झाला."

"मग ॲम्प्लिफायरवरचं बटण कशाक दिलंय? ते पिळ. आणि ही वीस फुटांची वायर फेक, दहा फुटांची घे. लांब वायर सूर खाते. बाकी जोर बोटांत आण, बाबा. आता उधारी बंद."

सामानाचे साडेचारशे रुपये झाले. मजुरी म्हणून अंकलनी भाच्याकडून एक गाणे वाजवून घेतले. त्याची पावती मागायची मला हिंमत झाली नाही. कोजागिरीच्या कार्यक्रमात ती गिटार चार तास वाजली. भाडे वेळेवर गेले. बॅटरीच्या रिकाम्या कप्प्यात भाचा आता लोकलचा पास घडी करून ठेवतो.

तुम्ही म्हणाल, म्हणजे ॲक्टिव्ह वाईट आणि पॅसिव्ह चांगले? तसे असते तर हा इतिहास दोन ओळींचा झाला असता. या भांडणाचा निकालही लिओ फेंडरनेच लावून ठेवला आहे. म्युझिक मॅनमधून बाहेर पडून त्याने जॉर्ज फुलर्टन या जुन्या सहकाऱ्याबरोबर जी अँड एल ही कंपनी काढली. (आडनाव आणि गाव एकच, हा योगायोग, आपल्याकडच्या सातारकरांनी हसू नये.) १९८० साली तिथून 'एल-२०००' हा बेस निघाला. दोन पिकअप आणि तीन छोटे स्विच. पहिला कोणता पिकअप वाजावा ते ठरवणारा. दुसरा कॉइली एकसर की समांतर, ते ठरवणारा. आणि तिसरा बॅटरीचा: बंद, चालू, आणि चालू अधिक धारदार. बटणे मात्र तिन्ही पॅसिव्ह. एक आवाजाचे, बाकीची दोन फक्त कमी करणारी. एक वरचे सूर कापते, दुसरे खर्ज कापते. ओव्हरड्राफ्ट हवा तर घ्या. तो आटला तर एक स्विच पाडा आणि शिलकीवर वाजवत राहा. एकाहत्तर वर्षांच्या माणसाने तीस वर्षांचे अनुभव एका पत्र्यावर बसवले होते.

त्या तिसऱ्या स्विचचे मोल मला रोज कळते. आमच्या शाखेत सकाळी अकराला सर्व्हर बसला की पन्नास माणसांची शाखा मुकी होते. पैसे तिजोरीत असतात, माणसे खुर्चीत असतात, ग्राहक समोर असतो. पण काहीही वाजत नाही. निवृत्तीला आलेले हेड कॅशियर सांगतात, जाडजूड लेजरे होती तेव्हा ती कधी 'डाउन' झाली नाहीत, फार तर खाली पडली. कोणी म्हणत नाही की लेजरे परत आणा. पेन्शनवाल्या आजींना गावाकडच्या शाखेतले पैसे इथे मिळतात ते सर्व्हरमुळेच. पण आजी औषधाच्या चिठ्ठीसह बाकावर दोन तास बसून असतात, तेव्हा एखादा स्विच असता, असे वाटते खरे. ज्याची नोकरी यंत्राने खाल्ली त्या माझ्या भाच्यालाही यंत्राशी वैर नाही. त्याचे म्हणणे एवढेच की बॅटरी गेली तर निदान माझा हात चालावा.

ज्याची दोनदा कपात झाली होती त्या माणसाला हे समजले, यात मला नवल वाटत नाही. आधार कधी काढून घेतला जातो हे त्याने दोनदा पाहिले होते, आणि मग स्वतःजवळ शिल्लक काय उरते, हेही.

लिओ फेंडर १९९१च्या मार्चमध्ये वारला. वय एक्याऐंशी. कंपवाताने हात थरथरत असतानाही तो कारखान्यात कामाला येत असे. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव लागले; एकाही गाण्याचा एक सूर न वाजवता. जेमरसनचे नाव लागायला मात्र २००० साल उजाडले, आणि तो १९८३ सालीच गेला होता. मागच्या रांगेतल्यांची फाइल हळू सरकते, हे काही आपल्याकडचेच वैशिष्ट्य नाही.

पुस्तकांतून लिओ फेंडरचा उल्लेख गिटारनिर्माता, संशोधक, उद्योगपती असा येतो. माझ्या यादीत व्यवसायाच्या रकान्यात मी 'हिशेबनीस' असेच लिहिले आहे. त्याच्या खाली एक ओळ मोकळी सोडली आहे. भाच्याचे वय अजून लहान आहे.